तोगाकुशीच्या पाच देवळांची वाट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जपानच्या नागानो प्रांतातील तोगाकुशी या डोंगरी देवस्थानाला जाणारे बरेच प्रवासी सकाळच्या बसने थेट वरच्या थांब्यावर उतरतात, सुगी या उंच सूचिपर्णी वृक्षांच्या रांगेतून वरच्या देवळापर्यंत चालत जातात, छायाचित्रे काढतात आणि दुपारी परततात. त्यांनी पाहिलेले सुंदर असते यात शंका नाही. परंतु तोगाकुशी हे एक देऊळ नसून डोंगराच्या उतारावर खालपासून वरपर्यंत वसलेली पाच देवळे आहेत. होकोशा, हिनोमिकोशा, चूशा, कुझुर्यूशा आणि ओकुशा अशी त्यांची नावे आहेत. ही पाचही देवळे खालून वर या क्रमाने, शक्य तेवढी पायी आणि मध्ये एक रात्र मुक्काम करून पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच बेताने दिल्या आहेत.

आधी कथा जाणून घ्यावी

शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळात मूर्ती दिसत नाही. गाभाऱ्याचे दार बंद असते, आतील दैवताचे प्रतीक भक्तांना दाखवले जात नाही आणि माहितीफलकांवर बहुतेक मजकूर जपानीत असतो. त्यामुळे कथा ठाऊक नसेल तर एकामागून एक लाकडी इमारती पाहिल्यासारखे वाटते. ती ठाऊक असेल तर प्रत्येक थांब्याला अर्थ येतो.

इसवी सन 712 मध्ये सिद्ध झालेल्या कोजिकी या ग्रंथात सूर्यदेवता आमातेरासु हिची गोष्ट येते. धाकटा भाऊ सुसानोओ याने घातलेल्या धुमाकुळाला वैतागून ती एका गुहेत शिरली, शिळेने तोंड बंद करून बसली आणि सगळे जग अंधारात बुडाले. ऐंशी लक्ष देव जमले. त्यांतील बुद्धीचा देव ओमोइकाने याने युक्ती योजली, उझुमे या देवीने गुहेसमोर असे बेभान नृत्य केले की देवांच्या हसण्याने आकाश दुमदुमले, आणि बाहेर एवढा आनंद कशाचा आहे हे पाहण्यासाठी आमातेरासुने शिळा जराशी सरकवताच दाराआड दबा धरून बसलेल्या बलवान ताजिकाराओने तिला बाहेर काढले. ती शिळा पुन्हा कधी गुहेला लागू नये म्हणून त्याने ती उचलून दूर भिरकावली आणि ती जिथे पडली तोच हा तोगाकुशी पर्वत, अशी इथली श्रद्धा आहे. 1904 मीटर उंचीच्या या डोंगराचा उभा, करवतीसारखा कातळकडा पाहिला की ही कथा नेमकी याच डोंगराशी का जोडली गेली ते चटकन उमगते.

या कथेतील पात्रे इथल्या देवळांत विभागलेली आहेत. ओकुशात ताजिकाराओ, चूशात ओमोइकाने, हिनोमिकोशात उझुमे आणि सर्वांत खालच्या होकोशात ओमोइकानेचा पुत्र उवाहारू अशी ही योजना आहे. पाचवे कुझुर्यूशा मात्र या कथेच्या बाहेरचे आहे. तिथे नऊ मस्तकांच्या नागस्वरूप दैवताची पूजा होते आणि ते या डोंगराचे मूळचे, पाण्याचे व पावसाचे दैवत मानले जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आज आपण ज्याला शिंतो देवस्थान म्हणतो ते शतकानुशतके बौद्ध आणि शिंतो यांचे मिश्र क्षेत्र होते, त्याचे नाव केन्कोजी होते आणि डोंगरात कठोर साधना करणाऱ्या तपस्व्यांचे ते मोठे केंद्र होते. परंपरेनुसार 849 च्या सुमारास गाकुमोन नावाच्या साधकाने हे स्थान साधनेसाठी खुले केले. 1868 मध्ये नव्याने सत्तेवर आलेल्या मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचे फर्मान काढले, तेव्हा बौद्ध मूर्ती हलवल्या गेल्या आणि केन्कोजीचे तोगाकुशी देवस्थान झाले. वाटेवर जागोजागी या जुन्या काळाच्या खुणा आढळतात, त्या आवर्जून पाहाव्यात.

कधी जावे

नागानो शहर समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्या आत आहे, तर तोगाकुशीचे पठार 1200 मीटरच्या आसपास आहे. हा फरक कपडे भरताना ध्यानात घ्यावा. टोकियोत घामाने अंग भिजत असताना इथे संध्याकाळी पातळ स्वेटर लागतो आणि ऑक्टोबरअखेरीस सकाळी बोटे गारठतात.

पहिल्या भेटीसाठी मेअखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध हा काळ योग्य आहे. मेच्या शेवटी कोवळी पालवी असते. ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरमध्ये गावाभोवतीची सोबाची, म्हणजे कुट्टूची शेते पांढऱ्या फुलांनी भरतात, ऑक्टोबरच्या मध्यानंतर पानगळीचे रंग येतात आणि नोव्हेंबरमध्ये नव्या पिकाच्या सोबा शेवया खायला मिळतात. ऑक्टोबरातील शनिवार-रविवार मात्र टाळलेले बरे, कारण डोंगरी रस्त्यांवर वाहनांची कोंडी होते आणि बसही त्यात अडकते.

हिवाळ्यात इथे प्रचंड बर्फ पडतो. साधारण जानेवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत ओकुशा आणि कुझुर्यूशा येथील पूजाअर्चा व कार्यालये बंद असतात आणि वरची वाट हिमस्खलनाच्या टप्प्यात येते. बर्फात चालण्याचा सराव नसलेल्यांनी त्या काळात खालच्या देवळांवर समाधान मानावे.

ज्यांना तारखा जुळवणे शक्य आहे त्यांनी 2027 चा वसंत लक्षात ठेवावा. बारा प्राण्यांच्या नावांच्या जपानी वर्षचक्रातील बैलाच्या आणि मेंढीच्या वर्षी, म्हणजे दर सहा वर्षांनी, इथे महाउत्सव भरतो. मागचा 2021 मध्ये झाला. त्या वेळी होकोशातील दैवत पालखीतून वर चूशाला आणले जाते, म्हणजे पुत्र पित्याच्या भेटीला जातो. पालखीसोहळ्याची ओढ असलेल्या मराठी माणसाला हा सोहळा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

नागानोपर्यंत आणि तिथून वर

टोकियो स्थानकावरून होकुरिकु शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेने नागानो दीड तासाच्या आसपास येते. कागायाकी गाडी सर्वांत वेगवान असली तरी तिच्यात सर्व जागा आरक्षित असतात. आयत्या वेळी निघणाऱ्यांना हाकुताका किंवा आसामा सोयीची पडते. नागानो स्थानकात उतरल्यावर सर्वप्रथम पर्यटक माहिती केंद्रात जाऊन तोगाकुशीच्या बसचे त्या दिवसाचे वेळापत्रक छापील स्वरूपात घ्यावे. हंगामानुसार फेऱ्या बदलतात, दोन बसमध्ये तासाभराहून जास्त अंतरही असू शकते आणि परतीची शेवटची बस आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर सुटते.

बस स्थानकाच्या झेन्कोजी बाजूकडून सुटते आणि वर पोहोचायला सुमारे एक तास लागतो. मागच्या दाराने चढावे, दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी, उतरताना चालकाच्या वरच्या फलकावर त्या क्रमांकाखाली दिसणारे भाडे पाहावे आणि चिठ्ठीसह तेवढे सुटे पैसे पेटीत टाकून पुढच्या दाराने उतरावे. वर मधल्या थांब्यांवर दोन-तीनदा चढ-उतार करायची असेल तर ठरावीक दिवसांचा पास आधीच काढलेला परवडतो. डोंगरात पुरेशी रोकड जवळ ठेवावी. लहान खानावळी, मुक्कामाची घरे आणि देवळातील खिडक्या यांच्याकडे कार्ड चालेलच असे गृहीत धरू नये.

वाटेत शहरातच झेन्कोजी हे विख्यात बौद्ध मंदिर लागते. तेथील अमिताभ बुद्धाची गुप्त मूर्ती भारतातून कोरियामार्गे जपानात आली अशी परंपरा आहे आणि सध्याचे भव्य मुख्य मंदिर 1707 चे आहे. पूर्वीचे यात्रेकरू झेन्कोजी आणि तोगाकुशी यांची यात्रा जोडून करत असत. आपल्यालाही ते सहज जमते. पहिल्या दिवशी सकाळी झेन्कोजी पाहून दुपारची बस धरावी.

मुक्काम शुकुबोत करावा

होकोशा आणि चूशा या दोन देवळांभोवती शुकुबो नावाची यात्रेकरूंची निवासघरे आहेत. त्यांतील बरीच घरे पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानाची सेवा करणाऱ्या पुजारी कुटुंबांची असून काहींची छपरे आजही जाड गवताने शाकारलेली आहेत. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला ठरावीक गावचे लोक आपल्या ठरलेल्या तीर्थोपाध्यायांकडे उतरत, तशीच इथेही गावोगावच्या भक्तमंडळांची ठरलेली घरे असत. हा सगळा वसतिभाग 2017 मध्ये जपान सरकारने जतन करावयाच्या पारंपरिक वस्त्यांच्या यादीत घेतला.

काही शुकुबोंत घरातच पूजास्थान असते आणि यजमान पुजारी पाहुण्यांसाठी प्रार्थना करतात. त्यात भाग घ्यायचा असेल तर आरक्षणाच्या वेळीच विचारावे. खोलीत तातामी चटया असतात. त्यांवर चपला किंवा सामानाच्या पेटीची चाके नेऊ नयेत. जेवणाची वेळ ठरलेली असते आणि ती पाळणे हा सौजन्याचा भाग मानला जातो, म्हणून संध्याकाळी पाचच्या आत पोहोचण्याचा बेत ठेवावा.

शाकाहारी मंडळींनी इथे विशेष काळजी घ्यावी. जपानी स्वयंपाकात भाजीलासुद्धा बहुधा माशाच्या अर्काचे पाणी वापरतात, त्यामुळे "मांस नको" एवढे सांगितल्याने काम भागत नाही. आरक्षण करताना "निकु, साकाना, कात्सुओ नो दाशी वा ताबेरारेमासेन", म्हणजे मांस, मासे आणि माशाच्या अर्काचे पाणी चालत नाही, असे लिहून कळवावे. आधी कळवले तर डोंगरातील रानभाज्या, टोफू आणि भात यांचे उत्तम जेवण करून देणारी घरे मिळतात. आयत्या वेळी सांगितले तर यजमानाची फार पंचाईत होते. सोबत खाकरे, मेतकूट, लोणच्याची पुडी असे काही असावे.

पहिला टप्पा: होकोशा

बसमधून तोगाकुशी होकोशा या थांब्यावर उतरावे. समोर तोरी, म्हणजे दोन खांब आणि आडव्या तुळयांचे प्रवेशद्वार दिसते. त्याच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी थांबून किंचित वाकून नमस्कार करावा आणि वाटेच्या मध्यातून न चालता कडेने चालावे, कारण मधला भाग देवाचा मानतात. बाहेर पडतानाही वळून असाच नमस्कार करतात.

इथून 270 हून अधिक दगडी पायऱ्या सरळ वर चढतात. दोन्ही बाजूंना जुने सुगी वृक्ष आहेत, पायऱ्या झिजलेल्या आणि पावसाळी दिवसांत शेवाळलेल्या असतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी शेजारून वळसा घेत जाणारी सौम्य चढाची वाट आहे. वरचे देऊळ 1861 मध्ये बांधलेले आहे आणि त्याच्या दर्शनी भागावरील कोरीवकाम हे त्याचे वैभव आहे. तुळयांच्या टोकांतून बाहेर झेपावणारे प्राणी आणि छताखाली वळसे घेणारा ड्रॅगन जवळून पाहिले की लाकडावर छिन्नीच्या फटकाऱ्यांची दिशासुद्धा दिसते. या देवळाची शैली बौद्ध मंदिराची आहे. 1868 पूर्वीचे मिश्र क्षेत्र कसे असेल याची सर्वांत चांगली कल्पना इथेच येते. थेट ओकुशाला जाणारे प्रवासी नेमके हेच हुकवतात.

पूजेची पद्धत

पाचही ठिकाणी पद्धत एकच आहे, म्हणून ती इथेच सविस्तर सांगतो.

देवळाजवळ पाण्याचे दगडी कुंड असते. उजव्या हातात ओगराळे घेऊन ते एकदा भरावे आणि त्याच पाण्यात सर्व क्रिया उरकाव्यात. प्रथम डावा हात धुवावा, मग ओगराळे डाव्या हातात घेऊन उजवा, पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडे पाणी ओतून त्याने चूळ भरावी. ओगराळ्याला ओठ लावू नयेत आणि चूळ कुंडात न टाकता बाहेरच्या चरात टाकावी. डावा हात पुन्हा धुवून शेवटी ओगराळे उभे धरावे, म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळून तो पुढच्या माणसासाठी स्वच्छ होतो. जिथे ओगराळी ठेवलेली नसतात तिथे वाहत्या धारेखाली हात धुतले की पुरते.

देवळासमोर दानपेटी असते. तिच्यात नाणे हलकेच सोडावे, घंटा असेल तर ती एकदा वाजवावी. त्यानंतर कमरेतून दोनदा वाकावे, छातीसमोर हात जोडून उजवा तळवा किंचित खाली सरकवावा, दोन टाळ्या वाजवाव्यात, तळवे पुन्हा जुळवून मनातल्या मनात प्रार्थना करावी आणि शेवटी एकदा खोल वाकावे. मागे रांग असेल तर बाजूला होऊन प्रार्थना पूर्ण करता येते.

आपल्या सवयीच्या काही गोष्टी इथे करायच्या नसतात. नारळ, हार, उदबत्ती नेऊ नये. देवळाला प्रदक्षिणा घालण्याची प्रथा नाही आणि मागच्या बाजूला जाणे अनेकदा निषिद्ध असते. दाराच्या आतील पूजास्थानाचे छायाचित्र घेऊ नये. दोरखंडाला पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या लावून वेढलेला वृक्ष किंवा खडक पवित्र मानतात, त्याला टेकून बसू नये आणि त्याच्या मुळांवर पाय देऊ नये. शेकडो पावलांनी माती दबली की जुन्या झाडांची मुळे खरोखरच मरतात. घरात मृत्यू झाला असेल तर जपानी लोक पन्नास दिवस शिंतो देवळात जात नाहीत. सुतकाची कल्पना आपल्याला परिचित असल्याने ही मर्यादा सहज पाळता येईल.

हिनोमिकोशावरून चूशाकडे

होकोशाच्या आवारातून जंगलात शिरणारी जुनी पायवाट यात्रेकरूंची मूळ वाट आहे. चूशापर्यंतचे अंतर दीड-दोन किलोमीटरच असले तरी डांबरी रस्त्याने जाण्यात आणि या वाटेने जाण्यात फार फरक पडतो. पायाखाली सुगीच्या सुयांचा मऊ थर असतो आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज काही मिनिटांतच मागे पडतो. वाट सौम्य आहे, तरी पावसानंतर घसरडी होते; घट्ट तळव्याचे बूट हवेत.

मध्ये हिनोमिकोशा लागते. पाचांतील हे सर्वांत साधे आणि शांत देऊळ आहे. उझुमे ही नृत्य-गायनाची देवता असल्याने कलावंत मंडळी इथे मुद्दाम येतात, आणि हे दैवत आगीपासून राखते अशीही श्रद्धा आहे. शेजारी एकाच बुंध्यातून दोन खोडे वर गेलेला सुगी आहे, त्याला पतिपत्नीचा वृक्ष म्हणतात.

चूशा हे पाच देवळांचे व्यावहारिक केंद्र आहे. मोठे तोरी, मोठे आवार, पायऱ्यांच्या बाजूने झुळझुळणारे पाणी, समोर सोबाची दुकाने आणि बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांच्या पेढ्या असा हा परिसर आहे. आवारात आणि बाहेर रस्त्याकडेला तीन महाकाय सुगी उभे आहेत. त्यांचे वय आठशे वर्षांच्या घरात सांगतात आणि तिघांमधील अंतर सुमारे 72 मीटर असून समभुज त्रिकोण होतो. प्रार्थनेच्या वेळी मान वर करून छत पाहायला विसरू नये. एकोणिसाव्या शतकातील चित्रकार कावानाबे क्योसाई याने तिथे ड्रॅगनचे मोठे चित्र काढले होते, ते 1942 च्या आगीत नष्ट झाले आणि 2003 मध्ये पुन्हा साकारण्यात आले.

चूशातच एक अनुभव आवर्जून घ्यावा. जपानी देवळांत भविष्याची चिठ्ठी बहुतेक ठिकाणी आपणच डब्यातून काढतो. इथे खिडकीत आपले वय सांगायचे असते, तेही जुन्या मोजणीने, म्हणजे जन्मतः एक वर्ष धरून प्रत्येक नव्या वर्षाला एक मिळवत; सोपा हिशेब असा की चालू इसवी सनातून जन्मवर्ष वजा करून एक मिळवावा. आपल्या वतीने प्रार्थना करून चिठ्ठी काढली जाते आणि घडी घातलेला कागद हाती दिला जातो. त्यावरील भाषा जुन्या वळणाची असते. मुक्कामाच्या घरी यजमानांना दाखवली तर ते आनंदाने समजावून सांगतात.

भेटीची आठवण म्हणून गोशुइन, म्हणजे देवळाचा लाल शिक्का आणि त्यावर शाईने लिहिलेले नाव व तारीख घेता येते. त्यासाठीची खास वही देवळातच मिळते. प्रार्थना आधी आणि शिक्का नंतर हा क्रम पाळावा, आणि साध्या डायरीत शिक्का मागू नये.

पहिला दिवस इथे संपवावा. संध्याकाळी बस निघून गेल्यावर आणि सकाळी ती येण्याआधी चूशाचे आवार जवळजवळ रिकामे असते.

दुसरा दिवस: ओकुशा

चूशापासून ओकुशाच्या प्रवेशापर्यंतचे दोन-अडीच किलोमीटर बसने काही मिनिटांत किंवा जंगलातील पायवाटेने तासाभरात पार होतात. या पायवाटेच्या परिसरात जुन्या स्त्री-यात्रेकरूंसाठीच्या प्रार्थनागृहाची जागा आहे. मेइजी काळापर्यंत स्त्रियांना त्यापुढे जाण्यास मनाई होती आणि त्या तिथूनच ओकुशाला हात जोडून परतत. ती मनाई झुगारून पुढे गेलेली एक संन्यासिनी शिळा झाली, अशी दंतकथा सांगत एक दगडही दाखवतात. आज कुणीही वर जाऊ शकते, ही या वाटेवरची मला सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

जंगलात अस्वले आहेत. पाठपिशवीला छोटी घंटी बांधावी, पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने पायवाटेने जाऊ नये, खाण्याचे पदार्थ वा कचरा मागे टाकू नये आणि अस्वल दिसल्याचे फलक लावले असतील तर बसच घ्यावी.

प्रवेशाच्या तोरीजवळ स्वच्छतागृह आहे, ते इथेच वापरून घ्यावे. इथून ओकुशा सुमारे दोन किलोमीटर आहे आणि पोहोचायला चाळीस मिनिटे लागतात. पहिला किलोमीटर सपाट, सरळ, खडीचा असतो आणि कडेने थंडगार ओहोळ वाहतो. तो संपतो तिथे झुइशिनमोन हे लाल रंगाचे, गवताने शाकारलेले द्वार उभे आहे. त्याच्या छपरावर शेवाळ आणि रोपटी उगवलेली असतात. केन्कोजीच्या काळात या द्वारात बौद्ध रक्षक मूर्ती होत्या. आता तिथे शिंतो पहारेकरी बसले आहेत.

द्वार ओलांडले की सुगी वृक्षांची ती प्रसिद्ध रांग सुरू होते. सतराव्या शतकात लावलेली, चारशे वर्षांची ही झाडे सुमारे अर्धा किलोमीटर दोन्ही बाजूंनी उभी आहेत. खोडे इतकी जाड आणि सरळ आहेत की भर दुपारीही वाटेवर सावली असते आणि तापमान जाणवण्याइतके उतरते. एका खोडाशी थांबून साल नीट पाहावी. ती तांबूस, तंतुमय, उभ्या पट्ट्यांनी सुटत आलेली असते आणि तळाशी काही झाडे पोखरून आत माणूस मावेल अशी पोकळी झालेली आहे. अशा पोकळीत शिरून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा.

रांगेनंतर वाट चढू लागते आणि शेवटच्या टप्प्यात उंच, ओबडधोबड दगडी पायऱ्या येतात. बरेच जण सपाट वाटेवर भरभर चालून इथे दमतात. चालीचा वेग सुरुवातीपासून बेताचा ठेवावा, पाणी घोट घोट प्यावे आणि ज्येष्ठांनी काठी जवळ बाळगावी. ज्यांना पायऱ्या अशक्य आहेत त्यांनी झुइशिनमोन आणि वृक्षरांग पाहून परतावे. ती भेटही अपुरी म्हणता येणार नाही.

वर पोहोचल्यावर दोन देवळे शेजारी दिसतात. कुझुर्यूशाच्या मागे कातळात शिरणारी बांधीव वाट आहे आणि आतली गुहा हे नागदैवताचे स्थान आहे. पावसाचे दैवत म्हणून शेतकरी याला मानत आले, आणि दातदुखीवरही ते गुणकारी समजले जाते. जुने भक्त त्यासाठी नासपती हे फळ अर्पण करून स्वतः ते खाणे काही काळ सोडत. शेजारचे ओकुशा पाहून काही जणांची निराशा होते, कारण ते प्राचीन लाकडी मंदिर नाही. कड्यावरून कोसळणाऱ्या बर्फाने इथली देवळे पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त केली, 1978 मधील हिमस्खलनानंतर पुढच्या वर्षी सध्याची काँक्रीटची वास्तू उभी राहिली. देवळाकडे पाठ न करता मान वर करून मागचा कडा पाहावा. इथे पूजेचा खरा विषय तो कडा आहे आणि इमारत त्याच्या पायाशी उभी राहण्याची जागा आहे.

ओकुशाच्या बाजूने तोगाकुशी पर्वतावर जाणारी वाट सुरू होते. ती देवदर्शनाची वाट नाही. साखळ्या धरून चढायचे कातळ आणि दोन्हीकडे खोल दरी असलेली, जेमतेम अर्धा मीटर रुंद धार तिच्यात आहे आणि तिथे जीवघेणे अपघात झालेले आहेत. सह्याद्रीतील किल्ल्यांचा सराव असलेल्यांनीही पहिल्या भेटीत, स्थानिक वाटाड्याशिवाय आणि ओल्या कातळावर त्या वाटेला जाऊ नये.

उतरल्यावर

दुपारचे जेवण सोबाचेच असावे. कुट्टूच्या पिठाच्या या शेवया तोगाकुशीत छोट्या मुठीएवढ्या जुड्या करून, बहुधा पाच जुड्या, गोल बांबूच्या टोपलीत मांडून देतात. या टोपल्या इथल्याच कारागिरांनी डोंगरी बांबूच्या विणलेल्या असतात. सोबत येणाऱ्या थंड सारात माशाचा अर्क असतो. शाकाहारींनी तो बाजूला ठेवून मीठ मागावे, ताज्या सोबाला मिठाने चांगली चव येते. शेवटी शेवया उकळलेले गरम, दुधट पाणी चौकोनी भांड्यातून येते, तेही प्यावे. कुट्टूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र हे पदार्थ पूर्ण टाळावेत, कारण ती तीव्र असू शकते. हंगामात दुकानांपुढे रांगा लागतात आणि सोबा संपला की दुकान बंद होते, म्हणून अकराच्या सुमारास पोहोचणे हिताचे.

वेळ उरला आणि आकाश स्वच्छ असले तर ओकुशाच्या वाटेवरून फुटणाऱ्या पायवाटेने कागामी-इके या तळ्याकडे जावे. वारा पडलेला असेल तर संपूर्ण कडा पाण्यात उलटा उमटतो आणि ताजिकाराओने भिरकावलेली शिळा एका नजरेत सामावते. ओकुशाच्या पायथ्याशी उभे राहून हा पूर्ण आकार कधीच दिसत नाही. तळ्यावरून ओकुशाच्या थांब्यावर परत यायला जंगलातून पाऊण तास धरावा, आणि गर्दीच्या दिवशी त्या थांब्यावर जागा मिळेलच असे नसल्याने शेवटच्या बसवर विसंबून न राहता तिच्या आधीची बस पकडावी.